उरलेल्यांचा रकाना

कोणताही तक्ता घ्या. शिरगणतीचा घ्या, नगरपालिकेच्या जमाखर्चाचा घ्या, नाही तर एखाद्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालातला घ्या. नेमकी नावे दिलेल्या ओळी संपल्या की तळाशी एक ओळ हटकून असते. तिचे नाव कधी ‘इतर’, कधी ‘किरकोळ’, कधी सरकारी भाषेत ‘संकीर्ण’. वाचणाऱ्याची नजर त्या ओळीवर ठरत नाही. बेरीज जुळावी म्हणून ती तेथे आहे असे तो मानतो आणि पान उलटतो. मला मात्र असे वाटते की तक्ता करणाऱ्याची खरी परीक्षा त्या शेवटच्या ओळीतच होते. त्याला काय ठाऊक आहे ते वरच्या ओळींवरून कळते. जे ठाऊक नाही त्याच्याशी तो कसा वागतो, हे तळाच्या ओळीवरून कळते. आणि आपल्याला न उमगलेल्याशी कसे वागावे हा प्रश्न शास्त्राचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे.

हा विचार मी कर्करोगाच्या गाठींच्या नोंदींच्या आधाराने मांडणार आहे. मी डॉक्टर नव्हे. मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात हा माझा व्यवसाय. पण नावे देणे (आणि प्रसंगी नावे ठेवणे) हा या दोन्ही कामांचा भाग असल्याने नावांच्या बऱ्यावाईट परिणामांविषयी मला कुतूहल आहे. कर्करोगाचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच की तेथे रकाना चुकला तर चूक कागदावर राहत नाही. ती माणसाच्या अंगावर येते.

रोगांची नावे मोजण्याचा उद्योग जुना आहे. सतराव्या शतकात लंडन शहरात मृत्यूंची पत्रके निघत असत. मेलेल्याच्या घरी जाऊन प्रेत पाहावयाचे आणि मृत्यूचे कारण सांगावयाचे, हे काम वयस्क बायकांकडे सोपविलेले होते. या पत्रकांचा पहिला बारकाईचा अभ्यास जॉन ग्रांट नावाच्या व्यापाऱ्याने केला आणि तो १६६२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यात १६३२ सालचे पत्रक दिलेले आहे. ‘वार्धक्य’ या कारणाखाली ६२८ मृत्यू, ‘दात’ या कारणाखाली ४७०, आणि ‘कॅन्सर व लांडगा’ अशा जोडनावाखाली १०. हा लांडगा रानातला नव्हे. मांस खात खात पसरणाऱ्या व्रणाला त्या काळी तसे म्हणत. आणि ‘दात’ म्हणजे दात येण्याच्या वयात दगावलेली बालके. आज हे वाचून हसू येते. परंतु आपल्या वर्तमानपत्रांतील निधनवार्तांत ‘हृदयक्रिया बंद पडून’ माणसे जातात तेव्हा आपण हसत नाही. हृदयक्रिया बंद पडल्यावाचून कोणी मेल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्या काळाचे गोलमाल शब्द आपल्याला गोलमाल वाटत नाहीत, हेच खरे.

पुढे या कामाला शिस्त आली. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेने स्वीकारली. तिच्या अनेक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. १९४८ साली ती जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेने घेतली. कर्करोगाच्या गाठींसाठी वेगळी, अधिक बारीक यादी १९७६ साली निघाली. आज जगातील कर्करोग-नोंदणीचे काम त्या यादीच्या पुढील आवृत्त्यांवर चालते.

गाठीला नाव मिळते ते असे. शल्यवैद्य गाठीचा तुकडा काढतो. तो फॉर्मलिनमध्ये मुरवितात, मेणाच्या ठोकळ्यात बसवितात, त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात आणि त्यांना जांभळा-गुलाबी रंग देतात. मग विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ती काच पाहतो आणि अहवाल लिहितो. त्या अहवालावरून नोंदणी करणारा कर्मचारी यादीतला आकडा शोधून तो मांडतो. आकडा असा असतो: चार अंक, मग तिरपी रेघ, मग आणखी एक अंक. रेघेपुढे ३ असेल तर गाठ घातक. आता गंमत पाहा. ८१४० याचा अर्थ ग्रंथीच्या पेशींसारख्या पेशींचा कर्करोग, याहून अधिक काही सांगितलेले नाही. ८०१० याचा अर्थ आवरणाच्या पेशींपासून झालेला कर्करोग, याहून अधिक काही सांगितलेले नाही. ८००० याचा अर्थ नुसतीच गाठ. याहून अधिक काही सांगितलेले नाही. जणू ज्ञानाच्या जिन्यावरून आपण एकेक पायरी खाली उतरत आहोत आणि शेवटच्या पायरीवर ‘काहीतरी आहे’ एवढेच हाती राहते. गाठ मुळात कोणत्या अवयवात सुरू झाली तेच न कळलेल्यांसाठीही एक जागा राखून ठेविलेली आहे.

‘याहून अधिक काही सांगितलेले नाही’ हे वाक्य वरवर पाहता अगदी प्रामाणिक आहे. परंतु थोडे थांबून विचार केला म्हणजे दिसते की या एका वाक्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली: कोणी पाहिलेच नाही. रोगी तुकडा काढण्याच्या अवस्थेत नव्हता, किंवा तपासणीला पैसे नव्हते, किंवा तालुक्याच्या गावी तशी सोयच नव्हती. दुसरी: पाहिले, पण दिसले नाही. तुकडा फार लहान होता किंवा चुरगळलेला होता. तिसरी: पाहिले, ओळखले, विकृतिशास्त्रज्ञाने नेमके नावही लिहिले; परंतु ज्या यादीत ते उतरवून घ्यावयाचे त्या यादीत ते नाव नव्हते. प्रकार विरळ, रुग्ण दोन-चार. तेवढ्यांसाठी स्वतंत्र ओळ कोण ठेवणार? चौथी: पाहावयाचे ते सर्व पाहिले, आणि जगाला ठाऊक असलेल्या कोणत्याही नावात ती गाठ बसली नाही.

पहिली गोष्ट दारिद्र्याची आहे, दुसरी साधनाची, तिसरी कारकुनीची आणि चौथी निसर्गाची. पहिलीवर उपाय म्हणजे दवाखाना, दुसरीवर पुन्हा तपासणी, तिसरीवर यादीत एक ओळ वाढविणे. चौथीवर उपाय नाही. तेथे शोधाला सुरुवात आहे. या चौघींना एका खोलीत कोंडले म्हणजे पहिल्या तिघींच्या गर्दीत चौथी गुदमरते. जी नवी गोष्ट कळण्यासारखी होती, ती अर्धवट कागदपत्रांच्या ढिगाऱ्याखाली पडून राहते.

आमच्या शाळांच्या जनरल रजिस्टरात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. बऱ्याच ठिकाणी त्यात ‘घरगुती अडचण’ हे दोन शब्द वारंवार आढळतील. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर गेलेला मुलगा, लग्न ठरलेली मुलगी, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी ठेवून घेतलेली मुलगी, आणि मास्तरांच्या छडीला भिऊन पुन्हा न फिरकलेला मुलगा, हे सारे ‘घरगुती अडचण’. त्यातला एकही शब्द खोटा नाही. तरी ते रजिस्टर वाचून कोणाला काय करता येईल? साखरशाळा काढावी, की पाळणाघर, की छडी मोडून टाकावी? एकेक नोंद खरी असून सगळा रकाना मिळून खोटे बोलतो, असा हा प्रकार आहे. कर्करोगाच्या तक्त्यात नेमके हेच घडते. फक्त तेथे शाळेऐवजी आयुष्य सुटते.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. त्याचे पूर्वी व्यवहारापुरते दोनच भाग करीत: एक बारीक पेशींचा आणि दुसरा ‘बारीक नसलेल्या’ पेशींचा. शंभरातले सुमारे ८५ रोगी या दुसऱ्या भागात पडत. म्हणजे बहुसंख्य रोग्यांच्या रोगाचे नाव, तो काय नाही यावरून ठेविलेले होते. आपल्याकडे ‘नेति नेति’ म्हणणाऱ्या ऋषीला पुढे कोठेतरी पोचावयाचे होते. येथे पहिल्याच ‘नेति’वर मुक्काम पडला. याला त्या वेळी कारणही होते. बारीक पेशी नसलेल्या सर्वांना औषधे जवळपास तीच द्यावयाची, तर विकृतिशास्त्रज्ञाने अधिक डोळे का शिणवावेत? सब घोडे बारा टक्के.

मग गेफिटिनिब नावाचे औषध आले. या एका नावाखालच्या रोग्यांना ते सरसकट देऊन पाहिले, तेव्हा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यामुळे आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही. सरासरीने त्याला जवळजवळ निकालात काढले होते. परंतु डॉक्टरांना काही रोगी असे दिसत होते की त्यांच्या गाठी या औषधाने झपाट्याने वितळत. २००४ सालीच अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले होते की अशा रोग्यांच्या गाठीत एका विशिष्ट जनुकात बदल झालेला असतो. पुढे २००९ साली पूर्व आशियातील रोग्यांवरच्या चाचणीत चित्र स्पष्ट झाले. ज्यांच्यात तो बदल होता त्यांचा रोग नेहमीच्या औषधांपेक्षा गेफिटिनिबने अधिक काळ आटोक्यात राहिला. ज्यांच्यात नव्हता त्यांना ते नेहमीच्या औषधांहून वाईट ठरले. औषध तेच होते. एकाला तारणारे, दुसऱ्याचा मोलाचा वेळ वाया घालविणारे. दोघांची सरासरी काढली की उत्तर येते, ‘विशेष उपयोग नाही’, आणि हे उत्तर दोघांपैकी एकाच्याही बाबतीत खरे नसते.

नुसत्या सूक्ष्मदर्शकाने दिसणारा भेदही असाच महागात पडत होता. २००८ साली दिसून आले की पेमेट्रेक्सेड हे औषध ग्रंथीच्या पेशींच्या प्रकारात चांगले काम करते, चपट्या पेशींच्या प्रकारात नाही. तेव्हा २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने विकृतिशास्त्रज्ञांना सांगितले की ‘बारीक नसलेल्या पेशींचा, याहून अधिक काही सांगितलेले नाही’ हे शब्द शक्य तितके कमी वापरा. ‘कधीच वापरू नका’ असे ते म्हणाले नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याकडे मी पुढे येणार आहे.

येथवर वाचून असे वाटेल की सगळा दोष ‘इतर’ या शब्दाचा. मला तसे वाटत नाही. ‘इतर’ हा शब्द बिचारा आपली गरिबी झाकून ठेवीत नाही. खरा धोका भारदस्त नाव धारण करून बसलेल्या ‘इतर’चा आहे.

शरीराच्या स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणाऱ्या घातक गाठींत ‘मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा’ नावाचा एक प्रकार १९६० च्या दशकात मानला जाऊ लागला. पुढच्या वीस वर्षांत मोठ्या माणसांतील अशा गाठींचे ते सर्वांत जास्त केले जाणारे निदान होऊन बसले. नाव ऐकले की वाटावे, केवढे नेमके ज्ञान! १९९२ साली क्रिस्टोफर फ्लेचर या विकृतिशास्त्रज्ञाने अशा निदानाच्या १५९ गाठी नव्या साधनांनी पुन्हा तपासल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक दुसऱ्याच, आधीपासून ठाऊक असलेल्या प्रकारांच्या निघाल्या. काही तर त्या कुळातल्याही नव्हत्या. म्हणजे इतकी वर्षे जे एका रोगाचे नाव म्हणून चालले होते ते अडगळीच्या खोलीचे नाव होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या पुस्तकात त्याचा अर्थ ‘विशिष्ट रूप न घेतलेली गाठ’ एवढाच उरला, आणि २०१३ साली ते नाव गळाले. दारावरची पाटी काढून ‘अडगळ’ असे सरळ लिहिले, एवढेच. पण ते लिहिण्याला धैर्य लागते.

दुसरे उदाहरण याहून मनाला लागणारे आहे, कारण त्यातले रोगी बहुतांशी लहान मुले. मेंदूतील काही घातक गाठींच्या पेशी अगदी अपक्व, गर्भातल्या पेशींसारख्या दिसतात. १९७३ साली हार्ट आणि अर्ल यांनी अशा गाठींना ‘प्रिमिटिव्ह न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर’ हे नाव दिले. दिसण्यात सारख्या म्हणून उपचारही सारखे: शस्त्रक्रिया, तीव्र औषधे आणि पुष्कळदा सबंध मेंदूवर व पाठीच्या कण्यावर किरणोपचार. वाढत्या वयाच्या मेंदूला किरणांची किंमत मोठी द्यावी लागते. वाढ खुंटते, बुद्धीची चमक मंदावते; वर्गात बसणारे असे एखादे मूल ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको. २०१६ साली या नावाखाली जपून ठेविलेल्या ३२३ गाठींच्या जनुकीय खुणा तपासण्यात आल्या. पुष्कळ गाठी वेगळ्या, चांगल्या ओळखीच्या प्रकारांच्या निघाल्या. आणि उरलेल्यांत चार नवे प्रकार सापडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ते जुने नाव काढून टाकण्यात आले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. सूक्ष्मदर्शकाला जे दिसत होते ते डॉक्टरांनी मनोभावे लिहिले होते. तरीही त्या त्रेचाळीस वर्षांत या नावाखाली ज्या ज्या उपचारांची तुलना झाली, त्यांत कशाची तुलना कशाशी झाली हे आता सांगणे कठीण आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो म्हणेल, मास्तर, तुमचे म्हणणे शेवटपर्यंत नेले तर प्रत्येक रोग्याचा रोग वेगळा होईल. प्रत्येक गाठीत जनुकांचे बदल निराळे असतातच. मग शंभर रोग्यांचे शंभर वर्ग करावयाचे काय? एकेकट्या माणसावरून औषधाचा गुण ठरत नाही. त्यासाठी सारख्या माणसांचा समूह लागतो. शिवाय ‘इतर’ हा रकाना काढून टाकला तर नोंद करणारा काय करील? न बसणाऱ्याला जवळच्या खणात कोंबील. मग त्या खणाचेही वाटोळे होईल.

हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. वर्गीकरण म्हणजे काही भेद विसरण्याची संमती. ती संमती दिल्यावाचून एक वाक्यसुद्धा बोलता येणार नाही. ‘झाड’ म्हणताना आंबा आणि बाभळ यांतला फरक आपण बाजूस ठेवतोच. आणि प्रामाणिकपणे ‘इतर’ लिहिणे हे खोट्या नेमकेपणापेक्षा केव्हाही बरे. तज्ज्ञांनी २०११ साली तो शब्द बंद केला नाही तो यासाठीच. तेव्हा प्रश्न ‘इतर’ असावा की नसावा हा नाही. तो प्रश्नचिन्ह म्हणून लिहिला आहे की पूर्णविराम म्हणून, हा आहे.

प्रश्नचिन्ह म्हणून लिहिलेल्या ‘इतर’चे एक सुरेख उदाहरण कर्करोगाच्या शेजारच्याच प्रांतात आहे. रक्त दिल्यानंतर काही रोग्यांना कावीळ होई. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विषाणू सापडले होते. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत स्पष्ट झाले की अशा काविळीचे बहुतेक रोगी या दोहोंपैकी एकातही बसत नाहीत. त्या रोगाला ‘अ-ही नव्हे, ब-ही नव्हे’ असे विचित्र नाव मिळाले. हेही नकाराचेच नाव. पण किती वेगळे! कोणत्या तपासण्या केल्या आणि काय वगळले ते या नावातच लिहिलेले होते. म्हणजे न पाहिलेल्यांना त्यात प्रवेश नव्हता. आणि हार्वे आल्टर यांच्यासारख्या संशोधकांनी त्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने गोठवून वर्षानुवर्षे सांभाळले. १९८९ साली ‘क’ विषाणूचा शोध जाहीर झाला, तेव्हा नवी तपासणी खरी की खोटी हे ठरविण्यास ते जुने नमुनेच उपयोगी पडले. या कामासाठी आल्टर, हाउटन आणि राइस यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. न समजलेल्याला जपून ठेवले आणि का समजत नाही ते त्याच्या नावातच लिहून ठेवले, याचे ते फळ.

आपल्या मुलुखातही या प्रश्नाचा संबंध पोचतो. मुंबईची कर्करोग-नोंदणी १९६३ साली सुरू झाली. लोकसंख्येच्या आधारावर चालणारी ती भारतातली पहिली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी सुरू झाली. तोंडाचा कर्करोग हा आपल्याकडचा मोठा रोग. पण ‘तोंड’ ही एक जागा नव्हे. चुना-तंबाखूचा बार गालात धरून ठेवणाऱ्यांच्या गालाला, हिरडीला तो होतो. आंध्रच्या किनाऱ्याकडील काही भागांत चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे. तेथे तो टाळूला होतो. ही गोष्ट कळली ती कोणीतरी गाल, हिरडी, टाळू, जीभ असे वेगवेगळे लिहिले म्हणून. सर्वांनी ‘तोंड, जागा सांगितलेली नाही’ एवढेच लिहिले असते (आणि यादीत तीही जागा आहेच) तर बार आणि गाल यांचे नाते तक्त्यात कधीच उमटले नसते. नोंदणीचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार बेताचा, नाव कोठे छापून येत नाही. पण कागदाच्या गठ्ठ्यात ‘गाल, डावा’ एवढे दोन शब्द शोधून काढण्यात त्याने घालविलेली पाच मिनिटे कोणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडतात. परगावचे रोगी परळच्या टाटा हॉस्पिटलात येताना पिशवीतून आपले ब्लॉक आणि स्लाइड घेऊन येतात. त्या मेणाच्या ठोकळ्यातला प्रश्न पुन्हा उघडता येतो. तक्त्यात एकदा ‘इतर’ म्हणून बेरीज झालेला माणूस मात्र पुन्हा उघडून पाहता येत नाही.

आता यात यंत्राची भर पडली आहे. अमेरिकेत २००६ ते २०१८ या काळात ‘द कॅन्सर जीनोम ॲटलास’ नावाचा प्रकल्प झाला. ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११,००० हून अधिक रोगी त्यात आहेत, आणि जगभरचे संशोधक ती माहिती वापरतात. संगणकाला हजारो काचांची चित्रे दाखवून गाठी ओळखावयास शिकविण्याचे काम अशाच संग्रहांवर होते. संगणक हा आज्ञाधारक विद्यार्थी आहे. फळ्यावर जे नाव लिहाल ते तो खरे मानतो. ‘इतर’ हा एक वर्ग आहे असे सांगितले की तो त्या सर्वांतले साम्य शोधू लागतो; आणि साम्य नसले तरी काहीतरी शोधून काढतो. २०२१ साली असे दाखविण्यात आले की या संग्रहातील काचेच्या चित्रावरून ती कोणत्या रुग्णालयातून आली हे संगणकाला ओळखता येते, कारण प्रत्येक ठिकाणची रंग देण्याची ढब निराळी. तेव्हा एखाद्या रुग्णालयात ‘इतर’ लिहिण्याची सवय अधिक असली तर संगणक गाठीऐवजी त्या रुग्णालयाचा रंगच शिकेल, ही भीती पोकळ नाही. माणसाने आळसाने लिहिलेला शब्द यंत्र निष्ठेने पुढे नेईल, आणि तो परत येईल तेव्हा त्याच्या अंगावर गणिताची शाल असेल.

मग करावे काय? शास्त्रज्ञांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु साध्या हिशेबाच्या दोन-तीन गोष्टी कोणासही कळण्यासारख्या आहेत. ‘इतर’ लिहिताना का लिहिले ते त्याच्या शेजारी लिहावे: पाहिले नाही, दिसले नाही, यादीत नाही, की जगातच नाव नाही. विकृतिशास्त्रज्ञाचे मूळ शब्द आकड्याच्या मागे फेकून देऊ नयेत. आकडा बदलता येतो, हरवलेले शब्द परत येत नाहीत. कोणत्या सालच्या यादीप्रमाणे नाव दिले ते नोंदवावे, कारण १९८५ चे नाव आणि २०१६ चे नाव एकाच रोगाचे असेलच असे नाही. आणि अधूनमधून तो खण उघडून पाहावा. तळाची ओळ वरच्या ओळींहून मोठी होऊ लागली तर दोष उरलेल्यांचा नसतो, यादीचा असतो.

या साऱ्यामागे एक नैतिक भाग आहे तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विरळ रोग झालेला माणूस आधीच एकटा असतो. त्याच्या रोगावर चाचण्या होत नाहीत, कारण रोगी थोडे. रोगी थोडे दिसतात, कारण ते ‘इतर’ मध्ये विखुरलेले. आणि ते ‘इतर’ मध्ये का? तर चाचणी नसल्याने वेगळे लिहून उपयोग काय, असे वाटते म्हणून. या चक्रातून तो स्वतः बाहेर पडू शकत नाही; तक्ता करणाराच त्याला बाहेर काढू शकतो. बहुसंख्यांना न्याय मिळाला की काम झाले असे समजणारा तक्ता नऊजणांच्या बाबतीत खरा आणि दहाव्याच्या बाबतीत निर्दय असतो.

त्या दहाव्याला आपण काय देणे लागतो? नाव देणे लागतो, असे म्हणणे सोपे आहे. परंतु नाव पुष्कळदा अस्तित्वातच नसते, आणि घाईने दिलेल्या नावाची किंमत त्या मेंदूच्या गाठींच्या मुलांनी मोजलेली आहे. मला वाटते, नावाआधी त्याला खरे उत्तर देणे लागतो. ‘तुमचा रोग किरकोळात पडतो’ हे खरे उत्तर नव्हे. ‘आम्ही एवढे एवढे पाहिले, एवढे पाहावयाचे राहिले, आणि जे पाहिले ते आम्हांला ठाऊक असलेल्या कशासारखे नाही’ हे खरे उत्तर आहे. ते ऐकून रोग बरा होणार नाही. पण ते उत्तर जसेच्या तसे नोंदवहीत उतरले, तर आणखी वीस वर्षांनी कोणीतरी तो खण उघडील, तशीच दुसरी दोन-चार उत्तरे त्याच्या शेजारी ठेवील, आणि तोवर ज्याला कोणी ओळखत नव्हते त्या रोगाला त्याची स्वतःची ओळ मिळेल. तक्त्यात तेव्हाही तळाशी ‘इतर’ राहीलच. तो राहावाही, आपल्याला सगळे कळलेले नाही याची तेवढी आठवण तक्त्यात असलेली बरी.